नावेची पाहणी

"माझा डबा कुठं गेला?" कचरूने तिसऱ्यांदा विचारलं.

"फेकला नदीत," आबाराव पाटील म्हणाले. "घासलेटचा गंजका डबा सायबापुढं ठिवतोस? काही लाज हाय का न्हाई?"

कचरूने कपाळाला हात लावला. बारा वर्षं तो गोदावरीच्या या घाटावर नाव चालवत होता आणि त्यातली चार वर्षं याच डब्याने नावेतलं पाणी उपसत होता. नाव तळातून कुजली होती. नवीन मिळावी म्हणून गावाने तालुक्याला तीन अर्ज केले, तेव्हा कुठे आज तहसीलदारसाहेब स्वतः नाव पाहायला आले होते. आणि पाटलांनी काय करावं? सकाळपासून माणसं लावून भेगांत कापूस आणि डांबर कोंबलं, वर सतरंजी अंथरली, गादी टाकली, लोड ठेवला, पुढे झेंडूची माळ बांधली. लग्नाच्या घरीसुद्धा एवढा थाट नसतो.

"मालक, नाव गळती म्हणून तं सायब आलाय," कचरू दबक्या आवाजात म्हणाला. "गळू द्या की तिला."

"पाव्हण्याला गळक्या नावेत बसवायचं? गावाची इज्जत हाय का न्हाई? अर्जाचं मी बोलतो बराबर. आधी त्याचं तोंड गोड होऊ दे."

तोंड गोड करायचं काम कचरूच्या बायकोकडे, बायनाबाईकडे, होतं. तिच्यासारखे मांडे आसपासच्या दहा गावांत कुणाला जमत नसत. पहाटेपासून चुलीवर उपडं खापर घालून, पुरण भरलेली कणीक हातांवर कोपरापर्यंत वाढवत तिने पितळी परात भरली होती. ती परात नावेत ठेवताना तिने हळूच विचारलं, "सोनूचं सांगितलं का सायबाला?"

सोनूबाई त्यांची सून, पाच महिन्यांची पोटुशी. गावातल्या बायांबरोबर ती रोज याच नावेतून पलीकडे कापूस वेचायला जायची. परवा भर पात्रात तळाची फळी उचकटली, तेव्हा पदराचा बोळा भोकात कोंबून त्यावर बसून पोरीने काठ गाठला होता. तेव्हापासून बायनाबाईला अन्न गोड लागत नव्हतं.

"सांगतो," कचरू म्हणाला. "बोलू तं दिलं पाहिजे."

साहेब लोडाला टेकले. पाटलांनी त्यांच्या शेजारी बसून हुकूम सोडला, "मधोमध ने. जरा फिरव अन् परत आण."

"पलीकडं न्हाई जायचं?"

"न्हाई."

"मंग नावेत बसायचं कशाला?"

पाटलांनी असे डोळे वटारले की कचरूने निमूट वल्हं मारलं.

उन्हं कलली होती. पलीकडच्या काठावर वेचणीच्या बाया घरी येण्यासाठी कधीच्या गोळा झाल्या होत्या. डोक्यावर गाठोडी घेऊन त्या नावेला हात करत होत्या. साहेबांनीही खुशीत त्यांना हात केला. "बडे अच्छे लोग हैं," ते म्हणाले आणि दुधात तिसरा मांडा बुडवला. पाटलांनी वरून तूप सोडलं.

तेवढ्यात कोंबलेला कापूस सुटला. सतरंजीच्या कडेने पाणी वर आलं, गादीखाली शिरलं, आणि नावेत पाणी पाहून कचरूला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. साहेबांनी दचकून पाय उचलला.

"पाटील, ये पानी?"

"सायब, नाव..." कचरूने तोंड उघडलं.

"गंगामाय हाय सायब, गंगामाय!" पाटलांनी हात जोडले. "मोठा माणूस आला की पाय धुवायला वर येती ती." आणि अख्खा मांडा उचलून त्यांनी कचरूच्या हातात कोंबला. "घे, तू बी खा. आजच्या दिवशी उपाशी नको राहू."

पाटलांनी साहेबांदेखत दिलेलं अन्न खाली कसं ठेवायचं? कचरूने ते कसंबसं गिळलं, तोवर साहेब हसत हसत नदीत हात धुऊन मोकळे झाले होते.

काठाला उतरल्यावर साहेबांना अर्जाची आठवण झाली. "अर्जी नाव की थी ना? नाव तो बिलकुल उम्दा है."

कचरूने पाटलांकडे पाहिलं. बायनाबाईनेही पाहिलं.

"सायबांची मेहेरबानी," पाटील कमरेत वाकून म्हणाले.

साहेबांची मोटार धुरळा उडवत गेली. पाटलांचा चेहरा फुलला होता. "पाहिलं का कचरू? मांडे लई आवडले. पुढच्या वर्षी परत येतो म्हणले!"

कचरूला त्या माणसाचं काय करावं तेच कळेना. पाटलांच्या गड्यांनी गादी नेली, लोड नेला, सतरंजी पिळून नेली, जाताना झेंडूची माळही सोडून नेली. खाली होती तीच नाव उरली, घोटाभर पाणी घेऊन.

पलीकडून हाका येत होत्या. त्यात सोनूची कोणती ते बायनाबाईला बरोबर कळत होतं.

कचरूने वल्हं उचललं. बायनाबाईने उरलेले दोन मांडे फडक्यात बांधून कमरेला खोचले, लुगडं वर घेतलं आणि ती नावेत चढली.

"तू कुठं निघाली? तुला पोहता येतं का?"

"डबा न्हाई ना," ती म्हणाली, आणि साहेबांच्या जागेवर बसून तिने तुपाने माखलेल्या परातीने पाणी उपसायला सुरुवात केली.