सावलीचा पंचनामा

ठाण्याच्या कोर्टाच्या आवारात जर्मन युद्धात मेलेल्या शिपायांच्या नावांचा दगडी खांब होता. त्याच्या सावलीत बसून मी बारा वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. त्रेपन्न सालच्या मे महिन्यात, इंग्रजांची निशाणी म्हणून सरकारने तो उपटून नेला. दुसऱ्या दिवशी सवयीने मी तिथेच जाऊन बसलो.

सावली जागेवरच होती.

माझी काही तक्रार नव्हती. टक्कल गार राहत होतं. पण कोर्टाची व्यवस्था बघणारे नाझर अभ्यंकर खवळले. "खांब हटवल्याचा रिपोर्ट मी वर पाठवलाय, महिपत! ही सावली बेकायदा आहे. करा पंचनामा!"

मी टेप लावली. लांबी नऊ फूट, रुंदी दोन. पुढे लिहिलं, 'मालक आढळून आला नाही.'

पंच म्हणून नाझरांनी फाटकातून येणाऱ्या सखुबाईला धरलं. मिठागरावरची ही म्हातारी दर सोमवारी खांबावरच्या नवऱ्याच्या नावाला फूल वाहायला यायची. आज फूल हातातच राहिलं होतं. मी पंचनामा वाचून दाखवला. मालकाच्या ओळीला ती हसली, अंगठा उठवला आणि सावलीकडे वळून म्हणाली, "खांब गेला, आता हितं काय काम? चला वो घरा."

ती निघाली. माझ्या टकलावर ऊन आलं.

"अडवा त्या सावलीला! पंचनामा झालाय तिचा!" नाझर ओरडले.

फाटकातून टांगा आत येत होता. टांगेवाला लगाम खेचून सखुबाईवर ओरडला, "ओ, दोघं जरा बाजूला व्हा!"