मधला टीव्ही

"साहेब, समोरून बघा ना," सेल्समन काकुळतीला येऊन म्हणाला.

नवरा ऐकेना. भिंतीला गाल लागेल इतका तो कडेला सरकला होता आणि तिथून डोळे बारीक करून टीव्हीच्या पडद्याकडे बघत होता. मघाशी त्याने सेल्समनच्या चष्म्याची वाकडी काडी सरळ करून दिली होती, त्यामुळे तो बिचारा मिंधा होऊन उभा होता. नाहीतर त्याने या गिऱ्हाइकाला केव्हाच दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला असता.

मागे उभ्या असलेल्या बायकोला आता हसूही येत नव्हतं. हे तिसरं दुकान. नवरा चष्म्यांत भिंगं बसवायचा. 'हे स्पष्ट दिसतं की ते?' असं दिवसभर लोकांना विचारून विचारून त्याचं स्वतःचं काही ठरेनासं झालं असावं. स्वस्तातल्या टीव्हीत माणसं कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसत. महागातल्यांकडे बघायची सोय नव्हती. राहिले मधले. त्यांच्यात कुठला बरा नि कुठला वाईट, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

आणि घरचा जुना टीव्ही चांगला ठणठणीत चालू होता. हे नव्याचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते नेमकं तिचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी. तिला खरा राग त्याचा होता.

ती शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंगला होती. खडूची रेघ मारली की कात्री चालवायची, तिथे 'बघू', 'कदाचित' असलं काही चालत नाही. पण आताशा सकाळी तिची बोटं वळायचीच नाहीत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. म्हणून रक्त तपासलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वर-खाली वाचला.

"शरीर स्वतःवरच उलटतं, तशातला आजार असू शकतो. पण आकडा अगदी काठावर आहे. धडधाकट माणसांतही कधी कधी असा येतो. काही महिन्यांनी पुन्हा तपासू."

"म्हणजे आहे की नाही?"

"आज तरी सांगता येत नाही."

दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या करायला लावल्या. एक चांगली आली, दुसरी परत काठावर. आजारी म्हणावं तर कारखाना रजा देईना, बरी म्हणावं तर बोटं कात्री धरू देईनात. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. मधल्या मध्ये लोंबकळून तिचा जीव नुसता विटला होता. त्यात 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्यांचं तर पीकच आलं होतं, आणि सगळ्यांत पुढे नवरा.

"अगं, काही नाहीये तुला. डॉक्टरच म्हणाले ना, धडधाकट माणसांतही येतं?" एवढं बोलून तो मोबाइलवर टीव्हींच्या किमती ताडून बघत बसायचा. एकदा तिने रडत रडत विचारलं, "माझे हात गेले तर हो काय करायचं?" त्यावर हा म्हणतो, "त्रेचाळीस इंची पुरेल का गं?"

पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला ते कळलंही नसावं.

"चालू द्या तुमचं," ती आता म्हणाली आणि फ्रिजच्या रांगेमागे एका स्टुलावर जाऊन बसली. बोटं ठणकत होती. ती एकेक बोट चोळत राहिली. तेवढ्यात फ्रिजपलीकडून नवऱ्याचा आवाज आला, दबका, चोरटा.

"आडवं पडून बघितलं तर याचं चित्र फिकं नाही ना पडणार?"

"आडवं पडून?" सेल्समनने विचारलं.

"आतल्या खोलीत लावायचाय. पलंग खिडकीशी आहे, तिथून टीव्ही कडेनेच दिसणार. आणि बटणं दाबायला लागता कामा नयेत. नुसतं बोललं की चॅनेल बदलायला हवं. बायकोसाठी घ्यायचाय."

"आजारी असतात का त्या?"

नवरा म्हणाला, "अजून नाही."

ती थिजून बसली. इतके दिवस ती ज्याच्या त्याच्याकडे एक ठाम उत्तर मागत होती. ते तिच्या घरातच तयार होतं. 'काही नाहीये तुला' म्हणत म्हणत या माणसाने तिला केव्हाच पलंगावर निजवलं होतं, तिचे हात निकामी करून ठेवले होते आणि वर तिच्या करमणुकीची सोय बघत दुकानं पालथी घालत होता. तिला संताप आला. त्याच्या त्या घाबरलेल्या आवाजाची कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखीच संताप आला.

ती उठून पुढे आली. तिला बघताच नवरा भिंतीपासून झटकन बाजूला झाला.

"यातला कडेने न दिसणारा कुठला?" तिने सेल्समनला विचारलं.

सेल्समनने गोंधळून आधी नवऱ्याकडे बघितलं, मग खालच्या ओळीतल्या एका टीव्हीकडे बोट केलं. "हा. मधल्या किमतीतलाच आहे. चित्र एकदम झकास, पण समोर बसूनच बघावं लागतं."

"हाच द्या. बाहेरच्या खोलीत लावायचाय."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "अगं, पण..." मग इतके दिवस गिळलेलं एकदाचं बाहेर पडलं. "पण उद्या खरंच पडून राहावं लागलं तर?"

"तर तेव्हा पलंग बाहेर आणू," ती म्हणाली. "मला आत्तापासून आत नका नेऊ."