सासूबाईंनी कापलेलं चित्र

कांचननं भिंतीवर व्हिजन बोर्ड लावला आणि घरातल्या प्रत्येकाला आपल्या स्वप्नाचं चित्र चिकटवायला सांगितलं. नवऱ्यानं ट्रॅक्टर चिकटवला, लेकीनं विमान. सासूबाईंनी पेपरातून पाण्यात झेपावणारी बाई कापून आणली. "माय, या वयात पोहशीन?" नवरा हसला. "लग्नाआंधी म्या पूर्णा नदी पार केली. इथं कोनं इचारलंच नाही." दुसऱ्या सकाळी वरवटच्या शेतातल्या विहिरीवर त्यांनी काष्टा खोचला. "माय, नोको!" म्हणत नवरा दोर घेऊन धावला, तोवर त्यांनी उडी टाकली होती. पाणी मिटलं, तरंग विरले. कांचन काठावरून खाली वाकली. मग पांढरं डोकं वर आलं आणि सासूबाई हात पसरून, उताण्या, आभाळाकडे बघत तरंगू लागल्या. इतक्या वर्षांत ही बाई कांचननं पाहिलीच नव्हती. "पोरी, पाणी लय गार हाय," खालून हाक आली. "तुले शिकवू काय?"