पलटणीतला कोट

गोऱ्या डॉक्टराने जानरावाचा डावा हात उलटासुलटा करून पाहिला. कोपरापासून खाली कातडी भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. लढाई संपून सोळा वर्षं झाली, तेव्हा कुठे बाहेर देशाची मदत भातकुलीत पोचली. बरी आठवण झाली म्हणायची.

पलटणीत विषारी वायूच्या पिंपांवर पहारा केलेल्या शिपायांसाठी ही मदत होती. मलम, काळा चष्मा आणि मुंबईला फुकट इलाज. साहेबाचं बोलणं समजावून सांगायला दवाखान्यातला कंपाउंडर शेषराव आला होता.

"जानरावभाऊ, तवाचा काही कपडा हाय का घरात? त्यात विष राह्यते म्हन्ते साहेब."

"कोट होता. जाळला."

"घरात आनखी कोनी वापरला होता का तो? त्याईचंही नाव लिहाचं हाय. त्याईलेही इलाज भेटन."

जानरावाने दाराकडे पाहिलं. आत त्याची बायको केशरबाई भाकरी थापत होती. तिचेही हात तसेच होते. चुलीवर पोळले, असं ती सगळ्यांना सांगे.

"कोनी नाई," जानराव म्हणाला. "एकट्या माह्यंच लिहा."

खोटं होतं. तो परत आला त्या हिवाळ्यात केशरबाईने आठ महिन्यांची लेक त्याच कोटात गुंडाळली होती. कोटाला लसणासारखा वास येत होता. चार दिवसांत पोरगी अंगभर फोड येऊन गेली. देवी आल्या, असं जानरावच बायकोला म्हणाला आणि आजवर तेच म्हणत आला. आपल्याच हातानं लेक गेली हे त्या बाईला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्यापायी तिचा इलाज बुडाला तरी बुडाला.

भाकरी थापायचा आवाज थांबला. केशरबाई मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. परत आली ती लांब काठी धरून. काठीच्या टोकाला कोट लटकत होता, अंगापासून चांगला दूर.

"तुमी जाळाले सांगतला होता, पन जाळला नाई मी," ती म्हणाली. "लेकीचं दुसरं काही नोतं घरात."

जानराव कोटाकडे नाही, काठीकडे बघत राहिला.

"तुले ठावूक होतं?"

"हात जळले तवाच."

"मंग बोलली काहून नाई?"

"पोरीले थंडीचा होईन म्हनून तुमीच आनला होता नं तो. तुमाले काय सांगू?"

जानरावाने तोंड दुपट्ट्यात घातलं आणि तो रडला. सोळा वर्षांचं रडणं होतं, लवकर आटपेना. डॉक्टरला काही कळलं नाही. तो कागदावर पेन धरून थांबला होता.

"तीन नावं लिहा, भाऊ," केशरबाई शेषरावाला म्हणाली.

त्याने लिहून घेतली. डॉक्टरने रबरी हातमोजे घालून सोबत आणलेल्या पोत्याचं तोंड उघडलं.

"वयनी, टाका यात," शेषराव म्हणाला. " गावाबाहेर खोल खड्डा करून, चुना टाकून पुरतीन."

ती काठी धरून तशीच उभी राहिली. मग हळूच खाली केली.

"त्याले सांगजा," ती म्हणाली, "लय खोल पुरू नका म्हना. खाली गारठा राह्यते."