खिंडीतली देवराई

लढाया आता संगणकावरच होत, पण हरलेल्यांना गावं मात्र खरीच सोडावी लागत. उद्याच्या लढाईच्या नकाशात वृंदा नेरुरकरने रान लावलं होतं. पणाला लागलेल्या खोऱ्यात तिचं माहेर होतं.

पलीकडच्या पक्षाचे तपासनीस धोंडसेसाहेब पडद्यासमोर बसले. "मॅडम, ऐन खिंडीत एवढी झाडी? आमचं सैन्य इथूनच जायचंय."

"देवराई आहे. रान हुबेहूब हवं, हा तहातला नियम तुमचाच."

"सैनिक तोडतील."

"सैनिक तुमच्याच माणसांवरून बेतलेत, साहेब. ते तिथली वाळकी काडीसुद्धा उचलणार नाहीत."

"मी कुणावरून बेतलेला नाही. मीच पुसतो."

त्यांनी सगळी राई निवडली. आता फक्त डिलीटचं बटण दाबायचं होतं. साहेबांचं बोट बटणावर टेकलं, तिथेच घुटमळलं आणि हळूच मागे आलं.

"राहू दे," ते म्हणाले आणि शेऱ्यात 'तांत्रिक अडचण' असं लिहून उठले.

मग ते टेबलाखाली पायाने चपला शोधू लागले. त्या कधी काढल्या, हे त्यांनाही आठवत नव्हतं.