नाकावरचा दिवा

इंग्लंडातल्या डार्लिंग्टन गावी चर्चच्या हॉलात दर वर्षी छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरायचं. बायको गेल्यापासून सिरिल तिथे स्वतः बनवलेलं निळं डिझेल इंजिन मांडून बसायचा. पहिल्या वर्षी ते अगदी बिनचूक होतं. लोक “छान” म्हणाले आणि पुढे गेले. त्यानंतर मात्र दर वर्षी त्यात काहीतरी चुकायचं, आणि म्हातारा मर्व्हिन भिंग घेऊन टेबलाशी ठाण मांडायचा.

यंदाही तो आल्या आल्या गरजला, “अठ्ठ्याहत्तर सालचं इंजिन ना हे? मग पुढे नाकावर हा प्रखर झोताचा दिवा कुठून आला? तेव्हा बसवलाच नव्हता!”

“असं होय?” सिरिलने घरून आणलेल्या दुसऱ्या कपात चहा ओतला. “बस ना. नीट सांग.”

मर्व्हिनने नीट सांगितलं. मग दिव्यावरून जाळीवर, जाळीवरून निळ्या रंगाच्या छटेवर गेला. हॉल रिकामा झाला, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे तो उठला. दोन पावलं गेला आणि परत आला.

“सिरिल, पुढच्या वर्षी जरा अवघड चूक कर, लेका. एवढ्याशा दिव्यावर संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून बोलावं लागलं मला.”