ऐकू येईल अशी शपथ

पाइप एकदाच बसला, जबड्यावर. आमदार निवासाच्या जिन्यात कंडक्टरबाई कठड्याला धरत धरत खाली घसरल्या. तोंडाला रुमाल बांधलेल्या दोघांपैकी एकाने पुन्हा हात उगारला, तेव्हा दुसऱ्याने त्याचं मनगट पकडलं.

"बास. तोंडाचंच सांगितलंय."

पर्सला हात न लावता दोघं त्यांना ओलांडून खाली उतरले.

बावीस वर्षं बसमध्ये थांब्यांची नावं ओरडून परवाच निवडून आलेल्या बाईंना तिथेच, पायरीवर पडल्या पडल्या, सगळा उलगडा झाला. आज सकाळी अकराला विधानसभेची पहिली बैठक होती. आधी सदस्यांच्या शपथा, लगेच अध्यक्षांची निवड. दोन्हीकडे साठ-साठ, आणि त्यांच्या बाजूला एकसष्टाव्या त्या. बरोबरी झाली तर शेवटचं मत हंगामी अध्यक्षांचं, आणि ते समोरच्या पक्षाचे. शपथेशिवाय मत देता येत नाही, आणि शपथ सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी, तोंडानेच घ्यावी लागते.

दवाखान्यात डॉक्टरांनी जबड्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "दोन ठिकाणी मोडलाय. तारेने बांधायला हवा, आत्ताच."

बाईंनी कागदावर लिहिलं: संध्याकाळी.

"मग हिरडीत इंजेक्शन तरी देतो. कळ थांबेल. जीभ तेवढी दोन तास बधिर राहील."

बाईंनी सुई हाताने बाजूला सारली.

"अगं, जीव जाईल तुझा," त्यांचा थोरला भाऊ म्हणाला. बाईंनी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा बारा वाजत आले होते. गळ्याखाली टॉवेल धरून बाई सभागृहाच्या मधल्या मोकळ्या जागेत आल्या. त्यांचा सख्खा धाकटा दीर समोरच्या पक्षाचा आमदार होता. तो पहिल्या बाकावर बसला होता, त्याने मान वर केली नाही. सचिवांनी शपथेचा कागद पुढे केला, माइक जवळ ओढून दिला.

पहिलाच शब्द 'मी'. 'म' म्हणायला ओठ मिटावे लागतात. बाईंनी ओठ मिटले आणि कानाच्या मुळाशी हाडावर हाड घासल्याचा आवाज त्यांना आतून ऐकू आला. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या वाचत राहिल्या. लाळेत मिसळलेलं रक्त कागदावर, मग टेबलाच्या हिरव्या कापडावर ठिबकलं.

"काय बोलतायत? एक अक्षर कळत नाही!" समोरून कुणीतरी ओरडलं.

"शपथ ग्राह्य नाही!"

हंगामी अध्यक्ष म्हणजे सभागृहातले सगळ्यात वयस्कर सदस्य. त्यांनी चष्मा पुसला. "मला ऐकू आलं नाही. पुन्हा घ्या."

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. समोरचे बाकं बडवू लागले. बाईंच्या बाजूचा एक जण धावत गेला आणि बाक बडवणाऱ्याच्या थोबाडीत त्याने दिली. मग दोन्हीकडचे मध्ये उतरले. एका माइकचा दांडा उपटला गेला, एकाची भुवई फुटली, कुणाच्या तरी डोक्याला लागून पेपरवेट घरंगळत बाईंच्या पायाशी येऊन थांबला. मार्शल अंगाचं कुंपण करून उभे राहिले. त्या कुंपणातून दीर आत घुसला आणि आधार दिल्यासारखं करून त्याने बाईंचा दंड गच्च धरला.

"वहिनी, बस करा," तो त्यांच्या कानाशी म्हणाला. "घरी चला. एवढं लागणार नव्हतं. मी एकच मारा म्हणालो होतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हाताखाली वाढलेला पोर, बाईंच्या लग्नात नवरदेवाकडून हट्टाने नवे बूट उकळणारा. त्यांनी कोपर मागे घेतलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या बरगडीत हाणलं. दीर कळवळून टेबलावर कोसळला. बाईंनी कागद उचलला, टॉवेल फेकून दिला आणि तिसऱ्यांदा शपथ घेतली. या वेळी बसच्या मागच्या दारापर्यंत जाणारा आवाज काढला. अर्धे शब्द वाकडे झाले, एक दात कागदावर पडला, पण शेवटच्या शब्दापर्यंत त्या थांबल्या नाहीत. हाणामारीतले लोकही मुठी तशाच ठेवून वळून बघू लागले.

"मला," हंगामी अध्यक्ष खाकरले, "मला नीटसं ऐकू..."

"मला आलं, महोदय."

बोलले ते सचिव. तीस वर्षांत त्यांनी खुर्चीवरच्या माणसाचं बोलणं मध्येच तोडलं नव्हतं. ते खुर्चीकडे नव्हे, टेबलाला धरून उठणाऱ्या दिराकडे बघत होते.

"मी इथेच उभा होतो. शब्द न् शब्द ऐकलाय. नोंदवहीत नुसती शपथ घेऊ, की ऐकलेलं सगळंच घेऊ?"

हंगामी अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, मग दिराच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. "सही घ्या," ते म्हणाले.

बाईंनी सही केली. अक्षर एकदम सरळ आलं.

अध्यक्षपदासाठी उभं राहून मोजणी झाली. बाईंची बाजू आधी. कारकून रांगेतून मोजत आला, बाईंच्या रक्ताळलेल्या पदरापाशी क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "एकसष्ट."

मग समोरची बाजू उभी राहिली. एकोणसाठ झाले आणि कारकून थांबला.

"अरे, ऊठ ना! ऊठ!" शेजारचा दिराला ढोसत होता. दीर बसूनच राहिला, दोन्ही तळवे स्वतःच्या जबड्यावर घट्ट दाबून.